केपजवळचा यलोफिन ट्यूना कोणत्या महासागराचा? २० अंश पूर्व रेखांशावरील एक प्रकरण

आफ्रिकेच्या अगदी दक्षिण टोकाला, केप अगुल्हास या भूशिरावरून, २० अंश पूर्व रेखांश जातो. नकाशावर अटलांटिक आणि हिंदी महासागर याच रेषेवर एकमेकांपासून वेगळे होतात, आणि ट्यूनाच्या मासेमारीचा कारभारही याच रेषेवर वाटला गेला आहे. रेषेच्या पश्चिमेला पकडलेला मासा माद्रिदमध्ये कार्यालय असलेल्या अटलांटिक ट्यूना आयोगाच्या, म्हणजे आयकॅटच्या, खात्यात जमा होतो. पूर्वेला पकडलेला मासा सेशेल्समधील व्हिक्टोरिया येथून चालणाऱ्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या, म्हणजे आयओटीसीच्या, खात्यात जातो. दक्षिण आफ्रिकेच्या नौका या रेषेच्या दोन्ही बाजूंना यलोफिन ट्यूना पकडतात. त्यामुळे एकाच देशाच्या, बहुधा एकाच हंगामातल्या पकडीची नोंद दोन वेगळ्या साठ्यांच्या, म्हणजे व्यवस्थापनासाठी एकत्र मोजल्या जाणाऱ्या माशांच्या गटांच्या, नावावर होते. रेषेच्या पश्चिमेला पकडलेला हा मासा खरोखर अटलांटिकमध्ये जन्मलेला असतो का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्यावर बरेच काही अवलंबून आहे. साठ्याचे मूल्यमापन करताना किती मासे मारले गेले आणि उरलेले मासे किती पिल्ले देऊ शकतील, याचा हिशेब एकाच समष्टीपुरता मांडलेला असतो. समष्टी म्हणजे आपापसात प्रजनन करणाऱ्या माशांचा समूह. एका समष्टीतले मासे दुसरीच्या खात्यात गेले, तर एका बाजूचा मृत्युदर प्रत्यक्षाहून कमी दिसतो आणि दुसरी बाजू प्रत्यक्षाहून अधिक सुपीक भासते. मधल्या काही वर्षांत हा फरक विशेष बोचणारा होता. हिंदी महासागरातील यलोफिनचा साठा २०१५ च्या मूल्यमापनात अतिमासेमारीने खालावलेला ठरला आणि २०१६ मध्ये त्याच्या पुनर्भरणासाठी पकड कमी करण्याचा ठराव झाला, ज्यात पर्स सीन (थव्याभोवती जाळे टाकून ते तळाशी आवळणाऱ्या) नौकांना २०१४ च्या पातळीपेक्षा १५ टक्के कपात सांगितली होती. अटलांटिकमध्ये मात्र वार्षिक एक लाख दहा हजार टनांची मर्यादा ठरलेली होती आणि साठ्याची स्थिती तुलनेने बरी मानली जात होती. एकच मासा रेषेच्या अलीकडे संकटातल्या साठ्याचा आणि पलीकडे सुस्थितीतल्या साठ्याचा ठरत होता. २०२४ च्या मूल्यमापनाने हिंदी महासागराचे चित्र बदलले आणि तो साठा आता खालावलेला मानला जात नाही. परंतु म्हणून मासा कोणत्या खात्यात मोजावा हा प्रश्न सुटत नाही.

ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. आयओटीसीच्या सांख्यिकी क्षेत्राची पश्चिम हद्द आधी ३० अंश पूर्व रेखांशावर होती. दोन आयोगांच्या मध्ये कोणाच्याच हिशेबात न येणारा पट्टा उरत होता, म्हणून १९९९ मध्ये ती २० अंशांवर आणण्यात आली. नोंदींमधली पोकळी भरण्यासाठी हा निर्णय योग्यच होता, पण माशांच्या समष्टी कुठे संपतात याचा अभ्यास करून तो घेतलेला नव्हता.

समुद्राची रचना

यलोफिन हा उबदार पाण्याचा मासा आहे. त्याची वीण साधारण २४ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाच्या पाण्यात होते, आणि पृष्ठभागापेक्षा फार थंड पाण्यात तो जास्त वेळ थांबत नाही, कारण थंडीत त्याच्या हृदयाचे काम मंदावते. अटलांटिकमधील त्याचे मुख्य विणीचे क्षेत्र गिनीच्या आखातात आहे. हिंदी महासागरात ते विषुववृत्तालगत, मुख्यतः ७५ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला आहे आणि तिथे डिसेंबर ते मार्च हा विणीचा मुख्य काळ असतो. मोझांबिकच्या खाडीत आणि श्रीलंकेच्या बाजूला दुय्यम क्षेत्रे आहेत. केपच्या परिसरात येणारे मासे इथे खाण्यासाठी येतात, अंडी घालण्यासाठी नव्हे. त्यामुळे त्यांचे मूळ गाव दुसरीकडे शोधावे लागते.

आता या दोन गावांकडून केपपर्यंत येणाऱ्या वाटा पाहू. पूर्वेकडून अगुल्हास प्रवाह आफ्रिकेच्या किनाऱ्याला धरून नैऋत्येकडे वाहत येतो. तो उबदार आणि अत्यंत वेगवान आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेस पोहोचल्यावर तो स्वतःभोवती वळून पुन्हा हिंदी महासागरात परततो, पण हे वळण २० अंशांच्या रेषेवर होत नाही. प्रवाह रेषा ओलांडून पश्चिमेला बराच आत जातो आणि मग फिरतो. वळता वळता त्यातून दोन-तीनशे किलोमीटर व्यासाचे उबदार पाण्याचे भोवरे सुटतात, वर्षाला साधारण पाच-सहा, आणि ते हिंदी महासागराचे पाणी दक्षिण अटलांटिकमध्ये घेऊन जातात. पश्चिमेकडची परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. तिथे बेंग्वेला प्रवाहाच्या पट्ट्यात खोलातले थंड पाणी किनाऱ्यालगत वर येते आणि गिनीच्या आखाताकडून किनाऱ्याने दक्षिणेला येऊ पाहणाऱ्या उष्णकटिबंधीय माशासमोर शेकडो किलोमीटरची थंड पट्टी आडवी येते. समुद्राच्या रचनेवरून अंदाज बांधायचा तर केपच्या यलोफिनला पूर्वेचे दार उघडे आहे आणि वायव्येचे जवळजवळ बंद. पण तो अंदाजच. पोहून हजारो किलोमीटर जाणारा मासा किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रातूनही खाली येऊ शकतो.

या अंदाजाला एका भावंड प्रजातीकडून आधार मिळतो. बिगआय ट्यूनाच्या मायटोकाँड्रियल डीएनएमध्ये, म्हणजे फक्त आईकडून पिल्लांकडे येणाऱ्या डीएनएमध्ये, दोन ठळक शाखा आढळतात. एक जवळजवळ केवळ अटलांटिकमध्ये सापडते. दुसरी हिंदी आणि प्रशांत महासागरांत सर्वत्र आहे आणि अटलांटिकमध्येही मिसळलेली दिसते. अटलांटिकची शाखा पूर्वेकडे गेलेली नाही, पूर्वेची मात्र अटलांटिकमध्ये शिरलेली आहे. हिमयुगाच्या थंड काळात केपचा मार्ग उष्णकटिबंधीय माशांना बंद झाला असावा, दोन बाजू वेगळ्या पडल्या असाव्यात आणि मार्ग पुन्हा खुला झाल्यावर वाहतूक प्रवाहाच्या दिशेने झाली असावी, असा याचा अर्थ लावला जातो.

जनुके काय सांगू शकतात

यलोफिनच्या बाबतीत जनुकीय उत्तर मिळायला फार वेळ लागला, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातला पुरावा तोलता येणार नाही. या माशाची मादी एका वेळी लाखो अंडी पाण्यात सोडते आणि विणीच्या हंगामात जवळपास दररोज तसे करू शकते. प्रौढांची संख्या प्रचंड असते. अशा मोठ्या समष्टीत केवळ योगायोगाने जनुकांच्या प्रमाणात होणारा बदल अतिशय मंद असतो. त्यातच थोडी जरी ये-जा असली तरी साचलेला फरक पुसला जातो.

समष्टींमधील फरक मोजण्यासाठी एफएसटी हे माप वापरतात. ते शून्य असेल तर फरक नाही आणि एक असेल तर पूर्ण फरक. साध्या सैद्धांतिक मांडणीत हे माप सुमारे १ भागिले (४ × स्थलांतरितांची संख्या + १) इतके येते. प्रत्येक पिढीत एका समष्टीतून दुसरीत १०० मासे जाऊन विणीत सामील झाले, तर एफएसटी ०.००२५ च्या आसपास राहील, म्हणजे बहुतेक जुन्या पद्धतींना ते शून्यच दिसेल. आता असा विचार करा की त्या समष्टीत लाखो प्रौढ मासे आहेत. शंभर स्थलांतरितांनी तिथल्या मासेमारीच्या गणितात काडीचाही फरक पडत नाही. एक समष्टी उपसून संपवली तर दुसरी तिला आपल्या हयातीत भरून देणार नाही. तरीही जनुकीय चाचणी सांगेल की दोन्ही एकच आहेत. म्हणून ‘जनुकीय फरक आढळला नाही’ या निष्कर्षावरून ‘साठा एकच आहे’ असे मानणे चूक आहे, आणि मत्स्य व्यवस्थापनात हीच चूक सर्वांत जास्त वेळा झाली आहे असे माझे ठाम मत आहे. उलट बाजूने मात्र पुरावा भक्कम असतो: इतके दूर पोहू शकणाऱ्या माशात फरक खात्रीने सापडला, तर ती ये-जा खरोखरच अत्यल्प असली पाहिजे.

१९९० च्या दशकातील अभ्यास प्रथिनांचे प्रकार आणि मायटोकाँड्रियल डीएनए यांवर आधारलेले होते. प्रशांत महासागरापुरत्या मायटोकाँड्रियल अभ्यासात काहीच फरक दिसला नव्हता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने प्रथिनांच्या खुणाही जोडीला घेतल्या आणि अटलांटिक, हिंदी, पश्चिम-मध्य प्रशांत आणि पूर्व प्रशांत असे किमान चार साठे मानावेत असे सुचवले. पुढे जीनोमभर, म्हणजे माशाच्या संपूर्ण डीएनएभर, विखुरलेल्या हजारो एकाक्षरी बदलांची, म्हणजे एसएनपींची, एकाच वेळी नोंद घेता येऊ लागली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. २०१५ मध्ये प्रशांत महासागरातील कोरल समुद्र, टोकेलाऊ आणि बाहा कॅलिफोर्निया इथले मासे तीन वेगळ्या समष्टींचे असल्याचे दिसले. २०१७ मध्ये अटलांटिक आणि हिंदी-प्रशांत या दोन गटांतला फरक जीनोमच्या पातळीवर मांडला गेला. २०१८ मध्ये ९३९ तटस्थ, म्हणजे नैसर्गिक निवडीचा परिणाम नसलेल्या, एसएनपींच्या साहाय्याने तिन्ही महासागरांतील मासे एकमेकांपासून वेगळे काढता आले, आणि नैसर्गिक निवडीच्या दबावाखाली असाव्यात अशा ३३ खुणांनी प्रशांत आणि अटलांटिक यांच्या अंतर्गतही गट दाखवले.

या ३३ खुणांबद्दल सावध राहावे असे मला वाटते. सर्वाधिक फरक दाखवणाऱ्या खुणा आधी निवडायच्या आणि मग त्याच खुणांनी त्याच माशांमध्ये फरक आहे का हे तपासायचे, तर उत्तर काही प्रमाणात निवडीतच दडलेले असते. वेगळ्या वर्षी घेतलेल्या, निवडीत सामील नसलेल्या माशांवर हीच विभागणी टिकली तर तिच्यावर भिस्त ठेवता येते. महासागरांमधला फरक मात्र तटस्थ खुणांवरच उभा आहे, आणि आपल्या प्रकरणासाठी तोच लागतो.

केपच्या माशांचे मूळ

२०१८ मध्येच दक्षिण आफ्रिकेच्या पाण्यातील यलोफिनचा थेट अभ्यास प्रसिद्ध झाला. अटलांटिक आणि हिंदी महासागरातील नमुने संदर्भ म्हणून घेऊन, केपच्या बाजूचे मासे कोणाशी जुळतात हे त्यात पाहिले गेले. दोन महासागरांच्या समष्टी वेगळ्या ठरल्या, आणि २० अंशांच्या पश्चिमेला, म्हणजे आयकॅटच्या हद्दीत, दक्षिण आफ्रिकेच्या पाण्यात पकडलेले मासे हिंदी महासागरातून आलेले असल्याचे दिसून आले. समष्टींची खरी सीमा व्यवस्थापनाच्या रेषेच्या पश्चिमेला आहे आणि ही रेषा त्या दिशेने सरकवावी, अशी अभ्यासकांची सूचना होती.

एखाद्या माशाला महासागर नेमून देण्याचे हे काम कसे चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका खुणेवर ‘अ’ हा प्रकार अटलांटिकमध्ये ६० टक्के आणि हिंदी महासागरात ५० टक्के आढळतो. हा फरक एफएसटीच्या भाषेत ०.०१ इतका होतो. हातातल्या माशात या खुणेच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक बापाकडची) ‘अ’ असतील, तर असा मासा अटलांटिकमध्ये मिळण्याची शक्यता ३६ टक्के आणि हिंदी महासागरात २५ टक्के आहे. एवढ्यावरून काहीही ठरवता येत नाही. पण अशा १०० स्वतंत्र खुणा एकत्र केल्या, तर खऱ्या अटलांटिक माशाच्या बाजूने पुरावा सरासरी सुमारे ५० पट जड होतो आणि २०० खुणांवर तो तीन हजार पटींच्या आसपास पोहोचतो. एकेक खूण कुजबुजते, पण सगळ्या एका सुरात बोलल्या की उत्तर ऐकू येते. यलोफिनमध्ये बहुतेक खुणांवरचा फरक याहूनही कमी असतो, म्हणून शेकडो-हजारो खुणा लागतात. मायटोकाँड्रियल डीएनएच्या एका तुकड्यावर विसंबलेले जुने अभ्यास इथे का अपुरे पडले, हे यावरून कळते.

या पद्धतीची मर्यादाही याच गणितात आहे. गणित मासा कोणत्या तरी संदर्भ गटात बसवतेच. ज्या समष्टीचा नमुनाच घेतलेला नाही तिथून मासा आला असेल, तर तो जवळात जवळच्या गटाला चिकटवला जातो. केपच्या बाबतीत अंगोला आणि नामिबियाच्या बाहेरचा खुला समुद्र हा असा कमी तपासलेला भाग आहे. संदर्भ नमुने शक्यतो विणीच्या क्षेत्रातले, पक्व किंवा अगदी लहान मासे असावेत. खाण्यासाठी जमलेल्या माशांमधून घेतलेला संदर्भ स्वतःच मिश्र असू शकतो.

नमुना घेण्याची जागा हेही एक नाजूक प्रकरण आहे. डेकवर मासे एकमेकांवर पडलेले असतात, रक्त आणि चिकट द्रव सर्वत्र पसरलेला असतो, आणि वाटाण्याएवढा स्नायूचा तुकडा कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा असतो. सुरी दोन माशांच्या मध्ये नीट पुसली नाही, तर एका कुपीत दोन माशांचा डीएनए जातो. असा नमुना प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा जास्त संमिश्र दिसतो आणि काळजीपूर्वक चाळणी लावली तरच गळतो. दुसरी अडचण ओळखीची आहे. लहान यलोफिन आणि लहान बिगआय बाहेरून इतके सारखे दिसतात की अनुभवी माणूसही फसतो. पोट उघडल्यावर बिगआयच्या यकृताच्या पृष्ठावर रेघा दिसतात आणि यलोफिनचे यकृत गुळगुळीत असते. एका ठिकाणच्या नमुन्यांत चार-दोन बिगआय मिसळले तर एसएनपींच्या आलेखात ते वेगळ्या पुंजक्यात जाऊन बसतात, आणि पाहणाऱ्याला नवी समष्टी सापडल्याचा भास होतो. म्हणून प्रत्येक कुपीतील प्रजाती डीएनएवरूनच आधी निश्चित करणे हा अशा अभ्यासाचा पहिला टप्पा असला पाहिजे.

नोंदीचा प्रश्न

या पुराव्यावरून काय करावे, याबद्दल दोन मते संभवतात. एक म्हणजे आयोगांमधली हद्दच पश्चिमेला सरकवणे. ती आधी एकदा सरकली आहे, त्यामुळे अशक्य काहीच नाही. पण त्या वेळी रिकामी जागा भरायची होती, आता मात्र एका आयोगाच्या हातातला भाग दुसऱ्याकडे द्यावा लागेल. शिवाय त्याच पाण्यात लांबपंखी ट्यूना, तलवारमासा आणि शार्क यांचीही मासेमारी चालते, आणि त्यांच्या समष्टींची सीमा यलोफिनच्या सीमेवरच असेल असे मानायला काही आधार नाही. एका प्रजातीसाठी हलवलेली रेषा दुसरीसाठी चुकीची ठरू शकते.

मला दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. कायदेशीर हद्द आहे तिथेच ठेवावी आणि साठ्याच्या मूल्यमापनात पकड तिच्या जैविक उगमानुसार मोजावी. दक्षिण आफ्रिका दोन्ही आयोगांची सदस्य आहे, त्यामुळे नोंदी दोन्हीकडे पोहोचतातच. पश्चिमेकडची पकड आयकॅटच्या अहवालात राहू द्यावी. पण हिंदी महासागराच्या साठ्यातून किती मासे गेले हे मोजताना ती धरावी आणि अटलांटिकच्या गणितातून वगळावी. एकूण पकडीच्या मानाने हा आकडा लहान आहे, हे खरे. मूल्यमापनाचा निष्कर्ष त्याने उलटणार नाही. परंतु त्या भागातील लाँगलाइन, म्हणजे लांब दोरीला अनेक गळ लावून मासेमारी करणाऱ्या, नौकांचा प्रति गळ मिळणारा मासा हा साठ्याच्या चढउताराचा निर्देशांक म्हणून वापरला जातो, आणि तो निर्देशांक भलत्याच समष्टीच्या प्रतिरूपात घातला तर चूक टनांच्या प्रमाणात राहत नाही, ती कलाच्या दिशेत शिरते. यलोफिन कधी वाढतोय आणि कधी घटतोय याचे उत्तरच चुकू लागते.

यासाठी जनुकीय पुरावा एकदाच गोळा करून भागणार नाही. उबदार भोवरे दरवर्षी सारखे नसतात आणि अगुल्हासच्या वळणाची जागाही बदलते, त्यामुळे पश्चिमेला येणाऱ्या माशांचे मिश्रण वर्षागणिक बदलू शकते. जनुकीय खुणांबरोबर खूणपट्टीचे निरीक्षणही हवे. हिंदी महासागरात २००५ ते २००९ दरम्यान आणि अटलांटिकमध्ये २०१६ पासून झालेल्या मोठ्या मोहिमांत प्रत्येकी एक लाखाहून अधिक ट्यूनांना खूणपट्ट्या लावल्या गेल्या, पण केपचा कोपरा दोन्ही मोहिमांच्या मुख्य भागापासून दूर होता. जवळच्या नातेवाइकांवर आधारित नवी पद्धत इथे विशेष उपयोगी पडेल, कारण ती समष्टींचा हजारो वर्षांचा इतिहास न विचारता आत्ताच्या पिढीबद्दल बोलते. दक्षिणी ब्लूफिन ट्यूनाच्या अभ्यासात हजारो माशांच्या डीएनएतून ४५ पालक-अपत्य जोड्या सापडल्या आणि त्यांवरून प्रौढांची संख्या थेट काढता आली. यलोफिनची संख्या खूप मोठी असल्याने जोड्या शोधायला नमुने कितीतरी अधिक लागतील. पण केपच्या पश्चिमेला पकडलेल्या माशाचा पालक मोझांबिकच्या खाडीत किंवा सेशेल्सच्या पाण्यात सापडला, तर एफएसटीच्या दशांशांवर वाद घालण्याची गरज उरणार नाही. तोपर्यंत बंदरावर उतरणाऱ्या पश्चिमेकडच्या पकडीतून प्रत्येक हंगामात ठरावीक संख्येने नमुने घेणे, अंगोला-नामिबियाच्या बाहेरील नौकांवरून संदर्भ नमुने मिळवणे, आणि दोन्ही आयोगांच्या पकड-नोंदीत जागेच्या रकान्याशेजारी जैविक उगमाचा एक रकाना ठेवणे, एवढे आजच्या साधनांत करता येण्यासारखे आहे.